नेरळ-माथेरानची गाडी आणि वरचं छोटं स्टेशन, कीमन बाबांबरोबर

आधीच सांगते, हा रिव्ह्यू जरा वेगळा आहे, पॉईंट किती बघितले, घोडेवाल्याने किती मागितले, हॉटेल कुठलं यातलं फार काही सापडणार नाही. मी बाबांना घेऊन गेले होते. बाबा रेल्वेत कीमन होते, कुर्डुवाडीला, बार्शी लाईट रेल्वेच्या नॅरोगेजवर, म्हणजे अरुंद रूळांच्या लाईनवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कीमन म्हणजे रोज सकाळी हातोडा, पाना आणि दोन झेंड्या घेऊन आपल्या हद्दीतले रूळ पायी तपासत जाणारा माणूस. कुठे चावी, म्हणजे रूळ जागेवर धरून ठेवणारी खुंटी, निघालीय, कुठे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा, फिशप्लेटचा, बोल्ट सैल झालाय, कुठे रूळाला चीर गेलीय, सगळं चालत बघायचं. बाबांनी हे काम इतकी वर्षं केलंय की आजही रस्त्याने चालताना नजर खालीच असते त्यांची.

आमच्याकडची ती लाईन आता नाही. कुर्डुवाडीला पूर्वी बार्शी रोड म्हणायचे आणि तिथून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रूळांत अडीच फूट अंतर असलेली, गाडी सुरू झाली, मग पंढरपूर, लातूर, शेवटी १९२७ मध्ये मिरज. आषाढीला टपावर बसून वारकरी जायचे ते बाबा अजून सांगतात. मग या शतकात टप्प्याटप्प्याने सगळं ब्रॉडगेज झालं. चांगलंच झालं म्हणा, लातूरवरून आज थेट मुंबईला गाडी आहे, कोणाला नको असणार. पण बाबांच्या पायाखालची लाईन गेली ती गेलीच, आणि रिटायर झाल्यापासून ते एकदाच म्हणाले होते की चालू असलेली नॅरोगेज एकदा बघायचीय. म्हणून हे सगळं.

तर डिसेंबरात, मुद्दाम मधला वार बघून, कर्जत लोकलने नेरळला उतरलो. मोठ्या लाईनच्या बाजूलाच छोटं स्टेशन आहे, दोन फुटी गेजचं. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर, आमच्या बार्शी लाईटपेक्षाही अरुंद. बाबा प्लॅटफॉर्मवर न थांबता आधी रूळाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले, मी तिकिटाच्या रांगेत. गाडीच्या सीट कमी असतात आणि फेऱ्याही मोजक्या, वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करूनच निघा, हे पहिलं आणि महत्त्वाचं. आम्हाला एका टूरवाल्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं की तिकडे आता फक्त वरच्या वर शटल चालते, खालून गाडी नाहीच, तुम्ही आमची टॅक्सी घ्या. नशीब मी स्टेशनवर विचारून घेतलं, नाहीतर बाबांना मी टॅक्सीने दस्तुरीला, म्हणजे वर जिथपर्यंत मोटारी जातात तिथे, नेलं असतं. लोकांनो, पावसाळ्यात साधारण जून ते ऑक्टोबर खालची गाडी बंद असते आणि तेव्हा अमन लॉज, म्हणजे माथेरानच्या आधीचं स्टेशन, ते माथेरान एवढीच शटल असते, बाकीचे महिने लाईन ठीक असेल तर नेरळवरून गाडी असते. एवढं लक्षात ठेवा.

नेरळला जुनं वाफेचं इंजिन ठेवलंय ते बघायला दहा मिनिटं काढा, लहान मुलं असतील तर जास्त लागतील. या लाईनसाठी मुळात चार इंजिनं आली होती, जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीची, ७३८ ते ७४१ नंबरची. त्यांची गंमत अशी की पुढची आणि मागची चाकं वळणावर थोडी आडवी सरकू शकतात, क्लिन-लिंडनर नावाची रचना आहे ती. त्याशिवाय इतक्या आवळलेल्या वळणावर ताठ इंजिन जाऊच शकलं नसतं. बाबांना नाव माहीत नव्हतं पण चाकाकडे वाकून बघून ते लगेच म्हणाले, "हे वळणात रूळाला घासू नये म्हणून केलंय बघ. ताठ चाक रूळ खातं." म्हणजे ज्याने आयुष्यभर रूळ बघितले त्याला इंजिनसुद्धा रूळाच्या बाजूने कळतं. मला फार बरं वाटलं त्या क्षणी.

आता इतिहास सांगते कारण गाडीत बसलेल्या निम्म्या लोकांना ही गाडी इंग्रजांनी बांधली असंच वाटत होतं. आमच्या समोरच्या कुटुंबातले काका तसंच सांगत होते मुलांना. माथेरान हिल स्टेशन म्हणून इंग्रजांनी शोधलं हे खरं, १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर आले, त्याआधी धनगर, ठाकूर, कातकरी तिथे होतेच, ते काही हरवलेलं गाव नव्हतं. पण रेल्वे बांधली ती मुंबईच्या पीरभॉय घराण्याने. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे मोठे बोहरी उद्योजक, त्यांचे पैसे, आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने लाईन उभी केली. १९०० च्या सुमाराला आराखडा, १९०४ ला काम सुरू, आणि २२ मार्च १९०७ ला गाडी सुरू. खर्च आला १६ लाख रुपये. त्या काळातले १६ लाख, आणि तेही अशा डोंगरात जिथे माल उतरवायला धड रस्ता नाही.

आणि यात सल्लागार इंजिनिअर कोण होता, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. तोच, आमची बार्शी लाईट उभी करणारा! मला हे जायच्या आधी वाचताना कळलं आणि मी मुद्दाम बाबांना सांगितलं नव्हतं, गाडीत बसल्यावर सांगितलं. बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग ही आमच्याच घरातली की." पुढचा सगळा प्रवास त्यांनी असा केला जसं कोणी चुलत भावाच्या घरी आल्यावर भिंती, दारं, माळवद बघत फिरतं.

गाडी सुटली की थोडा वेळ सपाटी आहे आणि मग चढ लागतो तो लागतोच. नेरळ समुद्रसपाटीपासून साधारण ४० मीटरवर, माथेरान ८०० च्या आसपास, आणि मधलं अंतर सुमारे २१ किलोमीटर. सगळ्यात कडक चढ २० ला १, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. हे किती आहे ते समजायला शेजारीच उदाहरण आहे, कर्जतच्या पुढे भोर घाट ३७ ला १ आहे आणि तिथेसुद्धा मागून जास्तीची इंजिनं लावून ढकलावं लागतं हे पुणे-मुंबई करणाऱ्या सगळ्यांनी बघितलंय. निलगिरीची गाडी याहूनही कडक चढते पण तिला मध्ये चाक अडकवायला दातेरी रूळ आहे. इथे तसलं काही नाही, नुसतं लोखंडी चाक लोखंडी रूळावर, त्यामुळे चढ हळूहळू घ्यायला डोंगराला वेटोळे घालत घालतच जावं लागतं. म्हणूनच गाडी इतकी सावकाश आहे. दोन-अडीच तास लागतात आणि बरेच लोक याच गोष्टीवर तक्रार करतात की टॅक्सी अर्ध्या तासात नेते. हो नेते. पण मग तुम्ही नुसते पोचता, चढता कुठे.

जुम्मापट्टी हे पहिलं स्टेशन. इथे गाडी थांबली की लोक माकडांचे फोटो काढतात आणि परत आत येतात. माझी कळकळीची विनंती आहे, इथे आणि पुढच्या वॉटर पाईपला जरा स्टेशनकडेच बघा. डोंगराच्या कुशीत एवढीशी सपाट जागा काढून वसवलेलं स्टेशन. एकेरी लाईनवर अशी जागा नसेल तर वरची गाडी आणि खालची गाडी एकमेकींना ओलांडणार कुठे? जुन्या स्टेशनची इमारत म्हणजे सगळं स्टेशन नसतं हे मला बाबांमुळे कळलं. मी कौलं, खांब, पाट्या बघत होते, बाबा एक लाईन दुसरीला मिळते तो सांधा बघत होते, पाणी कुठून वाहून जाणार ती मोरी बघत होते. ते म्हणाले डोंगरात स्टेशन पडतं ते छपरातून नाही पडत, खालून पडतं. पाण्याला वाट नाही दिली की पाणी स्वतः वाट काढतं आणि तिच्याबरोबर भराव घेऊन जातं.

आणि या लाईनचं अगदी तेच झालेलं आहे, एकदा नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर विसरणार नाहीत, त्यात ही लाईन जागोजागी वाहून गेली होती, ती शंभरीच्या तोंडावर २००७ मध्ये परत सुरू केली. मग मे २०१६ मध्ये आठवड्याभरात दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद झाली. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की झालं, संपली आता. २०१७ च्या अखेरीला शटल आणि २०१८ च्या सुरुवातीला पूर्ण गाडी परत आली, एअर ब्रेक घेऊन. त्याआधी डब्यांवर हाताने ब्रेक लावणारी माणसं असायची, इंजिनाच्या शिट्टीवरून समजून ते ब्रेक आवळायचे आणि सोडायचे, उतारावर अख्खी गाडी त्यांच्या हातात असायची. मग २०१९ चा पाऊस, परत लाईन उखडली, या वेळी तीन वर्षं. २२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळवरून गाडी परत सुटली. आता जाताना बाजूला जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती दिसतात, गॅबियन म्हणतात त्याला, भराव धरून ठेवायला. सिमेंटच्या भिंतीपेक्षा हे बरं, पाणी दगडांतून निघून जातं आणि भिंत उभी राहते. बाबा प्रत्येक ठिकाणी मान डोलवत होते. मला त्या भिंती कुठल्याही पॉईंटपेक्षा जास्त आवडल्या हे मी मनापासून लिहितेय.

वॉटर पाईपचं नाव ऐकून सगळे हसतात पण साधं आहे, वर माथेरानला पाणी नेणाऱ्या पाईपलाईनवरून पडलेलं नाव. डोंगरावर गाव वसवायचं तर पाणी आणि गाडी दोन्ही चढवावं लागतं, त्याची आठवण या एका नावात राहिलीय. अशी नावं बदलू नयेत कधी, मला फार वाटतं हे.

मग तो घोड्याच्या नालासारखा मोठा वळसा. मूळ विचारात तिथे गाडी उलटी फिरवायचं स्टेशन करावं लागलं असतं, म्हणजे पुढे जायचं, थांबायचं, मागे सरकत वर चढायचं, ते टाळायला भराव घालून हा नालासारखा वळसा बांधला. खिडकीतून आपल्याच गाडीचा पुढचा डबा समोर दिसतो, मुलं ओरडतात. तुम्ही मात्र खाली भरावाकडे बघा, हा सगळा मातीदगडाचा ढीग माणसांनी पाट्या डोक्यावर घेऊन टाकलाय १९०४ ते १९०७ मध्ये. त्यांची नावं कुठे नाहीत. पीरभॉयांचं आहे, कॅलथ्रॉपचं आहे, मॅलेटचं आहे. पुढे एक कटिंग, म्हणजे डोंगर कापून काढलेली वाट, आणि मग लाईनवरचा एकुलता एक बोगदा, वन किस टनेल, इतका छोटा की नावातच मोजमाप आलं.

अमन लॉजला बरीच गर्दी चढते कारण दस्तुरी नाका जवळच, गाड्या तिथेच ठेवाव्या लागतात, पुढे मोटारीला बंदी. माथेरान २००३ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे, पण मोटारबंदी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. माझं मत विचाराल तर ही छोटी लाईन टिकली त्याचं मोठं कारण हेच. आमच्या बार्शी लाईटला एसटीची स्पर्धा होती, ट्रकची होती, माल गेला, माणसं गेली. इथे वर मोटार येऊच शकत नाही त्यामुळे गाडी शोभेची राहिली नाही, कामाची राहिली. आमच्या डब्यात वरच्या गावातल्या दोन बायका भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून बसल्या होत्या, बाहेर बघतसुद्धा नव्हत्या, एक डुलकी काढत होती. त्या बायका बघून मला वाटलं की हो, ही लाईन जिवंत आहे.

आणि मग माथेरान स्टेशन. बाजाराच्या मधोमध, बुटका प्लॅटफॉर्म, उतरतं छप्पर, चहूबाजूला लाल माती आणि झाडं. प्लॅटफॉर्मवरून दोन पावलांत तुम्ही गावात. इथे स्टेशन आणि गाव यांच्यामध्ये भिंत नाही, ब्रिज नाही, पार्किंग नाही. माझ्या लहानपणी आमच्याकडची छोटी स्टेशनं अशीच होती, गाडी नसली तरी म्हातारी माणसं बाकावर येऊन बसायची, पोरं रूळावर तोल सांभाळत चालायची. वरही एक जुनं वाफेचं इंजिन ठेवलंय. १९८० च्या दशकात वाफ बंद झाली, त्याआधीपासूनच जर्मनीच्या युंग कंपनीची डिझेल इंजिनं आलेली होती, पन्नासच्या दशकातली.

स्टेशनवर आम्ही सव्वा तास बसलो. हो, सव्वा तास. परतीची गाडी यायची होती आणि बाबांना ती येताना बघायची होती. तेवढ्यात एक मुलगा आला आणि भिंतीवर किल्लीने नाव कोरायला लागला, बाबा उठले, जवळ गेले आणि एवढंच म्हणाले, "बाळा, ही भिंत तुझ्या पणज्याच्या वयाची आहे." मुलगा खरंच थांबला. रागावले असते तर कदाचित थांबला नसता.

एक गोष्ट लिहायचीच आहे. दार्जिलिंग १९९९ ला, निलगिरी २००५ ला आणि कालका-सिमला २००८ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, माथेरानची लाईन अजून संभाव्य यादीत आहे. मला ती यादीत जावी असं मनापासून वाटतं, आणि त्याच वेळी अशी भीतीही वाटते की वारसा म्हटलं की आपण रंग देतो, सेल्फीची चौकट लावतो, एक इंजिन चौथऱ्यावर चढवतो आणि समजतो की जपलं. रंग गरजेचा आहे, गंज थांबतो त्याने. पण जुन्या स्टेशनला जपणं म्हणजे बऱ्याचदा कंटाळवाणं काम असतं, पावसाआधी गटारं साफ करणं, मोऱ्या उपसणं, खडी भरणं, जुन्या लाकडाला तसंच लाकूड लावणं आणि दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या फटींवर सिमेंट न थापणं. हे शेवटचं मी दुसऱ्या एका गावच्या जुन्या दगडी इमारतीत बघितलंय, चुना पाणी आत-बाहेर जाऊ देतो, सिमेंट अडवतं, मग ओल आतच राहून दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. हेतू चांगला होता, भिंत मात्र खराब झाली.

परतीला आम्ही शटलने अमन लॉजला आलो आणि तिथून टॅक्सीने खाली, कारण बाबांचे गुडघे. तुम्हाला जमत असेल तर खाली येतानाही गाडीच घ्या, उतारावर ब्रेकचा आवाज वेगळा असतो, बाबांची तेवढी एक इच्छा राहिली.

कोणाला घेऊन जावं: रेल्वेत काम केलेलं घरातलं कोणीही असेल तर त्यांना आधी. पाचवीच्या पुढची मुलं, कारण त्यांना २० ला १ म्हणजे काय ते पट्टी आणि पुस्तकं रचून दाखवता येतं, मी परत आल्यावर भाच्याला दाखवलं. अगदी लहान मुलांना अडीच तास जड जातात, त्यांच्यासाठी शटल पुरे. सोबत पाणी ठेवा, खिडकीतून काही बाहेर टाकू नका, मोरीत अडकलेली एक प्लास्टिकची बाटली पावसाळ्यात काय करते ते बाबांना विचारा. आणि खिडकीच्या बाजूवरून भांडू नका, लाईन इतकी वळते की दरी दोन्ही बाजूंना येते.

रेटिंग पाचपैकी पाच. बाबांना विचारलं तुम्ही किती द्याल, तर म्हणाले मला ते स्टार कळत नाही, पण जुम्मापट्टीच्या पुढे एका वळणावर एक कीमन बाजूला उभा राहून गाडीला हिरवी झेंडी दाखवत होता, चावीचा हातोडा खांद्यावर होता, ते लिही. खिडकीतून बाबांनी त्याला हात केला, त्याने झेंडी खाली न करता नुसती मान हलवली. गाडी पुढे गेल्यावर मी मागे वळून बघितलं तर तो परत खाली बघत चालायला लागला होता.